लिहायला विषयच सुचंना? मग हे करून बघा

"काय लिहू, विषयच सुचंना" म्हणणारी मंडळी बहुतेक वेळा मोबाईल हातात धरूनच विषय शोधायलेली असतात, आणि तिथं सापडतं काय तर दुसऱ्या कुणीतरी आधीच लिहिलेलं. एआयला विचारलं की तो लगेच "मराठवाड्यातील 10 प्रेक्षणीय स्थळे" काढून देतो, वेरूळ, अजिंठा, बीबी का मकबरा, झालं. आता हे तुम्ही लातूरात बसून लिहिलं काय अन् कुणी मुंबईत बसून लिहिलं काय, वाचणाऱ्याला कळणार पण नाही.

मी विषयाच्या मागं लागतच नाही, लोकांचे प्रश्न गोळा करतो. म्हणजे आडतीवर, एसटी स्टँडवर, दवाखान्याच्या लाईनीत, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माणूस माणसाला जे विचारतो ते, आणि त्याच शब्दात. शब्द महत्त्वाचे आहेत बरं का. "सोयाबीन साठवणुकीतील आर्द्रता व्यवस्थापन" असं कुणी विचारत नाही, माणूस विचारतो "माल वाळला का नाही हे घरी कसं बघावं, तिथं गेल्यावर मॉइश्चर जास्त सांगतेत". हमीभाव केंद्रावर 12 टक्क्यांची अट असते, 2024 च्या नोव्हेंबरात ती 15 पर्यंत सैल केली होती, मग ट्रॉली भरून नेल्यावर माल परत आणायची वेळ कशी टाळायची, दाणा दाताखाली धरून जुनी माणसं काय ओळखतात, मशीनचा आकडा आणि दाताचा अंदाज जुळतो का, एवढ्या एका प्रश्नातून तीन लेख निघतात, आणि ऑक्टोबरात लिहिले तर लोक स्वतःहून पुढं पाठवतात.

सगळ्यात चांगला प्रश्न कोणता, तर जो सगळ्यांच्या तोंडात असतो पण कुणी उकलून सांगत नाही. पावसाळ्यात आपल्याकडं रोज सकाळी एकच चौकशी, नाथसागर, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय, किती टक्के झाला. मेसेज पुढं ढकलला की काम संपलं. पण हे टक्के कशाचे? तर जिवंत साठ्याचे. जायकवाडीची एकूण क्षमता साधारण 102 टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला जिवंत साठा 76 च्या आसपास, आणि खाली 26 टीएमसी मृतसाठा, म्हणजे धरणाच्या दारातून आपोआप बाहेर न येणारं तळचं पाणी, जो त्या टक्क्यात धरतच नाहीत. आता बघा, उन्हाळ्यात धरण शून्य टक्के दाखवायलंय आणि तरी संभाजीनगरच्या नळाला पाणी येतंय, हे कसं, असा प्रश्न चौथीतलं लेकरूसुद्धा विचारेल. याच्या पोटात अजून प्रश्न आहेत, मृतसाठ्यातलं पाणी उचलायला काय जुळवाजुळव करावी लागते, धरण 1976 मधलं मग इतक्या वर्षांचा गाळ कुठं गेला, तो गाळ शेतात टाकायला मिळतो का, वरच्या धरणातून पाणी सोडलं तर पैठणला पोचेपर्यंत किती मुरतं. एका रोजच्या मेसेजच्या मागं लागलं की महिनाभराचं लिखाण निघतं, फक्त मागं लागावं लागतं.

आता कसोटी. विषय डोक्यात आला की स्वतःला एकच विचारायचं, हे मी कुणाला विचारणार? गल्लीतलं, गावातलं, नात्यातलं एखादं माणूस डोळ्यासमोर आलं तर विषय पक्का. नाही आलं तर विषय अजून लई मोठा आहे, कापा. "ऊसतोड कामगारांचे प्रश्न" हे काही लेखाचं पोट नाही, ते पुस्तक झालं. पण दिवाळीच्या आसपास टोळ्या निघून गेल्या की गावात मागं राहिलेली म्हातारी माणसं सहा महिने कशी काढतात, रेशन कोण आणून देतं, शेळ्या कुणाकडं ठेवतात, किंवा मुकादमाकडून घेतलेली उचल (आगाऊ पैसे) अन् फेडलेली रक्कम याचा हिशोब कोण लिहून ठेवतं, हे बीडच्या कुठल्याही तांड्यावर किंवा वाडीवर जाऊन विचारता येतं. अशा ठिकाणी माणसाचं नाव अन् फोटो टाकायच्या आधी त्याला विचारा, अन् तो नको म्हणला तर नाव काढून टाका, लेखाचं काही अडत नाही.

सणावाराचंही असंच. येळवस आली की सगळीकडं एकच लेख फिरतो, वेळ अमावस्या म्हणजे काय, भज्जी, आंबील, शेतात वनभोजन. लातूर धाराशिवच्या माणसाला हे कशाला सांगायचं? त्यापेक्षा असं विचारा की सोयाबीनमुळं ज्वारी कमी झाली मग शेतात पूजेसाठी उभारायच्या कोपीला (खोपीला) कडबा आणतात कुठून, विकत घ्यावा लागतो का. किंवा पंचवीस तीस माणसांची भज्जी करायची तर कोणती भाजी किती घ्यायची, हे सुनांना खरंच हवं असतं आणि सासूबाई अंदाजानं सांगतात. फक्त सणाच्या दिवशी टाकू नका, दोन तीन आठवडे आधी टाका, तेव्हा लोक तयारीला लागलेले असतात.

17 सप्टेंबरलापण तेच तेच. हैदराबाद संस्थान 1948 ला भारतात आलं, देशाच्या स्वातंत्र्यानंतर तेरा महिन्यांनी, एवढं सगळे लिहितेत. तुम्ही घरातली ट्रंक उघडा. निजामाच्या काळातले उर्दूतले, मोडीतले कागद आपल्याकडं कित्येक घरात पडून आहेत आणि कुणाला वाचता येईनात. 2023 ला कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं तेव्हा मोडी वाचणाऱ्या माणसाला एकदम मागणी आली होती. तो कागद कसा वाचतो, कुठं अडतो, उर्दूसाठी कुणाकडं जातो, हे लिहा. आजीला हाली शिक्क्याबद्दल, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या चलनाबद्दल, विचारा. आजी नसेल तर शेजारची. हे काम मात्र उद्यावर टाकू नका, ती पिढी आता थोडीच राहिली.

किल्लारीच्या भूकंपावरही दर 30 सप्टेंबरला आठवणी येतात, यायलाच पाहिजेत. पण 1993 नंतर माळवदाची (मातीच्या सपाट छताची) घरं लोकांनी सोडली, तरी काही गावात अजून आहेत, मग त्यावर पांढरी माती कोण टाकतं, ती खाणायची कुठून, हे एखाद्या जुन्या गवंड्याला विचारलं तर तो अर्धा दिवस बोलतो.

गुगलचा उपयोग मी एवढाच करतो, पहिले दोन शब्द टाकायचे अन् खाली काय काय सुचवतंय ते बघायचं. "तुरीला कोणतं" एवढं टाकून थांबा. लोक कसं शोधतात हे त्यातून कळतं, शीर्षकाला कामाला येतं, लेखाला नाही.

प्रश्न ऐकला की तिथल्या तिथं मोबाईलवर स्वतःलाच व्हॉइस नोट पाठवा, कुणी विचारला, कुठं विचारला एवढं बोलून ठेवा, कारण घरी येईपर्यंत शब्द बदलतात अन् त्यातली मजा जाते. रविवारी बसून यादी करा. यादीत महिनाभर पडून राहिलेला प्रश्न परत वाचून बघा, अजूनही उत्तर जाणून घ्यावंसं वाटलं तर ठेवा, नाहीतर खोडा, किंवा ज्याला त्यातलं जास्त कळतं त्याला देऊन टाका, त्यानं लिहिलं की तुम्हालाच त्यातून दोन नवे प्रश्न सापडतेत.