संस्कृती, अस्मिता, सामाजीकरण: उत्तर लिहिताना या चुका टाळा

समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाला व्याख्या बहुतेकांना पाठ असतात. गुण जातात ते त्या खऱ्या माणसांना लावून दाखवता येत नाहीत म्हणून.

'आपली थोर संस्कृती' अशी सुरुवात झाली की उत्तर घसरलेच म्हणा. मानवशास्त्रज्ञ एडवर्ड टायलरच्या १८७१ च्या व्याख्येत समाजाचा सदस्य म्हणून माणूस जे जे शिकतो ते सगळे येते: ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रूढी, सवयी. चपला दाराबाहेर काढणे ही संस्कृती, तसा हुंडाही संस्कृतीतच मोडतो. कौतुक किंवा निषेध निबंधासाठी ठेवा.

अस्मितेचा विषय 'ती जन्माने मिळते' एवढ्यावर गुंडाळू नका. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातला बेने इस्राएल हा ज्यू समाज पाहा. धंदा तेल गाळण्याचा आणि शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद, म्हणून गावकऱ्यांच्या लेखी ते 'शनवार तेली'. आडनावे गावांवरून पडलेली, पेणकर, नवगावकर अशी. घरात मराठी, शुभकार्याला पोहे-नारळाचा मलिदा. हीच माणसे इस्रायलला गेली तेव्हा तिथे 'भारतीय' ठरली. एवढेच नाही, तर १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मपीठाने लग्नाच्या बाबतीत त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली. त्यांनी निदर्शने केली, आणि १९६४ मध्ये ते पूर्णपणे ज्यू असल्याचे मान्य झाले. आपण स्वतःला कोण म्हणवतो आणि समोरचे काय मान्य करतात, या दोन्हींच्या ओढाताणीत अस्मिता घडते. उत्तरात नेमकी ही ओढाताण दिसायला हवी.

सामाजीकरण म्हणजे समाजात वावरायला शिकत घडणे; 'आईवडील संस्कार करतात' हे त्याचे अर्धेच उत्तर झाले. मूल म्हणजे रिकामे मडके नव्हे. विचारवंत जॉर्ज हर्बर्ट मीडच्या मते ते दुसऱ्यांच्या भूमिका घेत घडते. भातुकलीत एका वेळी एकच भूमिका, आई किंवा दुकानदार. लगोरीत मात्र चेंडू कोण मारणार, लगोरी कोण रचणार, हे सगळे एकदम ध्यानात ठेवावे लागते. शिवाय सासरी आलेली सून किंवा पोलीस प्रशिक्षणातला नवा शिपाई यांचेही सामाजीकरण चालूच असते.

समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूलीच्या 'आरशातील स्व' या संकल्पनेत (१९०२) तर ठरलेली चूक: 'लोक आपल्याविषयी काय म्हणतात ते.' कूली बोलतो लोकांना आपण कसे दिसतो याच्या आपल्या कल्पनेविषयी. लोक कौतुकाने पाहत असले, तरी ते हसताहेत असे मुलाला वाटले, तर त्याला वाटणारी लाज खरीच असते.