द्राक्षांच्या सौद्यासाठी ब्लॉकचेनवर पत मोजताना

ब्लॉकचेनवरच्या (अनेक संगणकांवर एकत्र ठेवलेल्या नोंदींच्या साखळीवरच्या) प्रकल्पाला विषय शोधायला नाशिककरांनी लांब जायला नको. निफाड-दिंडोरीत द्राक्षांचा सौदा बागेतच होतो, पैसे बऱ्याचदा मागाहून येतात आणि माल उचलून पसार होणाऱ्या व्यापाऱ्यांच्या तक्रारी होत राहतात. व्यापाऱ्याची पत सर्वांना दिसावी, पण वही कुणा एकाच्या हाती नसावी, ही गरज खरी आहे.

नवशिके व्यापाऱ्याला मिळालेल्या चांदण्यांच्या (स्टार रेटिंगच्या) सरासरीपासून सुरुवात करतात, आणि तिथेच गाडं अडतं. वॉलेट, म्हणजे साखळीवरचं खातं, फुकट उघडतं. पन्नास उघडून स्वतःलाच पाच चांदण्या देता येतात. संशोधक जॉन डाउसर यांच्या 2002 च्या शोधनिबंधापासून याला सिबिल हल्ला म्हणतात. उणे गुण देऊनही भागत नाही, कारण बदनाम खातं टाकून शून्याचं नवं घेता येतं.

म्हणून आधी अनामत, सूत्र नंतर. व्यापाऱ्याने कॉन्ट्रॅक्टमध्ये (साखळीवर आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये) रक्कम अडकवावी आणि त्याची एकूण उधारी तिच्या ठरावीक पटीपुढे जाऊच देऊ नये. नाहीतर पाच-पाच हजारांचे वीस सौदे चोख करून एकविसाव्याला दहा लाखांचा माल उचलला जातो. मत फक्त दोघांची सही असलेल्या सौद्यावर, तेही रकमेच्या प्रमाणात. संगनमताने केलेले खोटे सौदे उरतातच. त्यासाठी 2003 चं आयगनट्रस्ट हे विश्वास मोजण्याचं तंत्र अभ्यासा. त्यात विश्वासाचा प्रवाह आधी ठरवलेल्या खात्यांकडून येतो. ती खाती कोण ठरवणार, यावर सर्वाधिक वेळ द्या; केंद्रीकरण तिथूनच परत शिरतं.

जुन्या मतांचं वजन घटवताना हंगाम लक्षात ठेवा. तीन महिन्यांत निम्मं केलं, तर पुढच्या काढणीपर्यंत सोळावा हिस्साच उरतो. निम्मं व्हायला वर्ष द्यावं.

इथेरियम या ब्लॉकचेनवर एका नव्या साठवण-खान्याला 20,000 हून अधिक गॅस (शुल्क ज्यावर ठरतं ते एकक) लागतो. म्हणून बेरीज तेवढी साठवा, तपशील इव्हेंटमध्ये, म्हणजे साखळीवरच्या स्वस्त नोंदीत, टाका. मात्र इव्हेंट कॉन्ट्रॅक्टला वाचता येत नाहीत. सॉलिडिटी या कॉन्ट्रॅक्ट लिहिण्याच्या भाषेत अपूर्णांकांचं गणित नाही, तेव्हा गुणाकार आधी, भागाकार शेवटी. मोबाइल नंबरचा नुसता हॅशही (नंबरापासून गणिताने काढलेला सांकेतिक ठसाही) साखळीवर नको: दहा आकडी सगळे नंबर तपासून तो उलगडता येतो.

सेपोलिया या इथेरियमच्या चाचणी-जाळ्यावर जाण्याआधी फाउंड्री या कोड तपासण्याच्या साधनात हे सगळे हल्ले चाचण्या म्हणून लिहा. माल खरंच पोचला का, हे साखळीला कळत नाही. काट्यावरच्या वजनपावतीवर दोघांची सही आणि वाद झाल्यास निवाडा करणारे तिघे, हे कोड लिहिण्याआधी ठरवा.