पहाटे ट्रिप होणारा फीडर

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराजवळच्या एका बर्फ कारखान्याचा 11 केव्ही फीडर (वीज आणणारी लाइन) थंडीत पहाटे-पहाटे ट्रिप व्हायचा, म्हणजे आपोआप बंद पडायचा. धो-धो पावसात मात्र ठणठणीत! सगळ्यांचं एकच पालुपद: केबल गेली, बदला. मला पटेना. जमिनीतल्या केबलला पहाट काय नि दुपार काय?

सप्लाय बंद, अर्थिंग, दोन्ही टोकं मोकळी. मग 5 केव्हीचा मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र) लावला. रीडिंग अगदीच कमी. दुसरं टोक पॅनेलमध्ये, कोरडं होतं. म्हणून पोलावरच्या टर्मिनेशनभोवती (केबलच्या टोकावरच्या इन्सुलेटेड जोडणीभोवती) उघडी तांब्याची तार घट्ट गुंडाळली आणि ती मेगरच्या गार्ड टर्मिनलला जोडली. यामुळे पृष्ठभागावरून वाहणारा करंट मोजणीत येत नाही. रीडिंग थेट हजारो मेगओमवर गेलं! केबल निर्दोष.

खाऱ्या वाऱ्यातलं मीठ टर्मिनेशनवर बसतं, दंवाने ओलं झालं की वीज वाहू देतं. पाऊस ते धुऊन टाकतो.

सगळं पुसून घेतलं. एका फेजवर ट्रॅकिंगची, म्हणजे पृष्ठभागावरून करंट वाहून जळाल्याची, काळी रेघ होती, तिथे जास्त क्रीपेजचं (पृष्ठभागावरची वाट लांब असलेलं) टर्मिनेशन बसवलं. (कुणी डीसी हायपॉट, म्हणजे उच्च डीसी व्होल्टेजची चाचणी, सुचवलं होतं, जुन्या एक्सएलपीई, म्हणजे प्लास्टिक इन्सुलेशनच्या, केबलला ते नकोच.)

आता गार्डसह आणि गार्डशिवाय, दोन्ही रीडिंग वहीत लिहितो. तफावत वाढली की आधी धुलाई.