परदेशात शिकायला जायचंय? मग देश सगळ्यात शेवटी ठरवा

सांगलीत विश्रामबागला किंवा साताऱ्यात पोवई नाक्याला नुसती चक्कर मारली तरी स्टडी अब्रॉडचे बोर्ड दिसतात, आणि आत गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, कुठला देश डोक्यात आहे? गडबड इथूनच सुरू होते. आपल्याकडं आधी देश ठरतो, मग तिथं कुठलं कॉलेज घेतंय ते बघतात, मग त्या कॉलेजात जो मिळेल तो कोर्स, आणि पैशाचा हिशोब कधी तर डिपॉझिटची तारीख तोंडावर आली की. माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. आधी पैसा, मग कोर्स, मग त्या कोर्सनंतर नोकरी कुठं मिळते ते, आणि एवढं झालं की देश ठरवायला फारसं काही उरतच नाही.

भावकीतलं कोणीतरी तिकडं आहे म्हणून जायचं ही आपली जुनी सवय. विटा-आटपाडीकडचे गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे, असेच देशभर पसरले, चुलता दुकान टाकून बसला की पुतण्या मागनं गेला, आणि धंद्यात ते बरोबरच आहे कारण काम शिकवणारा घरचाच लागतो. पण मावसभाऊ मेलबर्नला आहे म्हणून तुम्ही मेकॅनिकलची मास्टर्स तिथंच करावी याला काही अर्थ नाही. पहिले पंधरा दिवस राहायची सोय होईल, बास.

तर आधी पैसा. समजा फी, राहणं, विमान, इन्शुरन्स सगळं धरून ४० लाखाचं लोन काढलं, व्याज साडेदहा टक्के, फेड १० वर्षांत, तर हप्ता बसतो महिन्याला साधारण ५४ हजार. कोर्स चालू असताना साठणारं व्याज यात धरलेलं नाही, ते धरलं की अजून वर जातो. आता तिकडं नोकरी लागली नाही आणि परत येऊन हिंजवडीत फ्रेशरच्या पगारावर जॉइन व्हावं लागलं तर हा हप्ता कोण भरणार? उत्तर 'बाबा बघतील' असं येत असेल तर आकडा खाली आणा, म्हणजे स्वस्त कोर्स शोधा. हे घरात सगळ्यांनी बसून एकदा बोलायचंच, आईलासुद्धा बसवायचं, कारण शेवटी दागिने तिचेच मोडतात.

लोनमध्ये आपल्या भागातली मोठी अडचण म्हणजे शेत. आठ एकर बागायत आहे, ऊस आहे, द्राक्षबाग आहे, मग बँक लोन का देणार नाही असं वाटतं, पण शेतजमिनीवर सरफेसी कायदा लागू होत नाही, म्हणजे हप्ते थकले तर बँकेला ती जमीन त्या कायद्यानं विकता येत नाही, म्हणून एज्युकेशन लोनला सातबारा सहसा तारण चालत नाही. एनए म्हणजे बिगरशेती प्लॉट, फ्लॅट, एफडी असलं काहीतरी लागतं. गावठाणातलं घर असेल तर त्याच्या कागदांवरनं बरेच हेलपाटे होतात, तेव्हा बँकेच्या वकिलाला ते आधी दाखवून घ्या. दुसरं, शेतीच्या उत्पन्नावर टॅक्स नाही म्हणून घरात कोणी रिटर्नच भरलेलं नसतं आणि बँक तर पहिल्यांदा तेच, म्हणजे आयटीआर, मागते. कारखान्याची ऊसबिलं, बेदाण्याच्या किंवा हळदीच्या आडत्याच्या पट्ट्या, सगळं दोन-तीन वर्षांचं जपून फाईलला लावा, आणि घरात पगारदार कोणी असेल, काका, मामा, तर सहकर्जदार म्हणून त्यांच्याशी आधीच बोला. विनातारण लोन देणाऱ्या खाजगी कंपन्या असतात पण व्याज जास्त, आणि ते कॉलेजचं नाव बघून देतात.

ठेव पतसंस्थेत असेल तर ती वेळेत चांगल्या शेड्युल्ड बँकेत आणा. यूकेच्या व्हिसाला पैसे सलग २८ दिवस खात्यात दिसावे लागतात, आदल्या आठवड्यात पाहुण्यांकडून गोळा करून भरलेले चालत नाहीत. परदेशी पैसे पाठवताना वर्षाला १० लाखाच्या वर रक्कम गेली तर बँक टीसीएस म्हणजे आगाऊ टॅक्स कापते, पण पैसा बँकेच्या एज्युकेशन लोनचा असेल तर १ एप्रिल २०२५ पासून हा टीसीएस नाही. लोनच्या व्याजावर इन्कम टॅक्समध्ये ८ वर्षं सूट मिळते, अर्थात रिटर्न जुन्या पद्धतीनं भरत असाल तरच.

स्कॉलरशिप बघितल्याशिवाय पुढं जाऊ नका. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, मराठा-कुणबी मुलांसाठी सारथी या सरकारी संस्थेची महाराजा सयाजीराव गायकवाड शिष्यवृत्ती आहे, इतर मागास वर्गासाठी पण आहे. जागा थोड्या, उत्पन्नाची अट आहे, आणि युनिव्हर्सिटी क्यूएस या जागतिक रँकिंगच्या पहिल्या २०० मध्ये लागते. एरवी मी रँकिंगला फार भाव देत नाही, पण इथं फीचा मोठा भार उतरायचा प्रश्न आहे, तेव्हा यादी करतानाच ती २०० ची अट डोक्यात ठेवा आणि त्या वर्षीचा जीआर स्वतः वाचा.

आता कोर्स. नावावर जाऊ नका, डेटा सायन्स नावाचा कोर्स एकीकडं सगळा गणिताचा असतो आणि दुसरीकडं नुसता मॅनेजमेंटचा. युनिव्हर्सिटीच्या साईटवर कोर्सच्या पानावर मॉड्यूलची यादी असते, कुठल्या सेमिस्टरला काय, ती उघडा आणि वालचंदला किंवा कराडच्या गव्हर्नमेंट इंजिनिअरिंगला तुम्ही जे शिकलात त्याच्याशी जुळवून बघा. निम्मं परत तेच असेल तर लाखो रुपये कशाला घालायचे? आणि काहीच जुळत नसेल तर अॅडमिशनच मिळायची नाही, जर्मनीत तर क्रेडिट मोजून बघतात.

आता मार्क. जर्मनीत आपला सीजीपीए एका फॉर्म्युल्यानं बदलतात. जास्तीत जास्त ग्रेडमधून तुमचा ग्रेड वजा करायचा, त्याला जास्तीत जास्त वजा पासिंग या आकड्यानं भागायचं, ३ नं गुणायचं आणि १ मिळवायचा. समजा तुम्हाला १० पैकी ८ आहेत आणि पासिंग ४ आहे, तर १० वजा ८ म्हणजे २, भागिले ६, गुणिले ३ म्हणजे १, त्यात १ मिळवला की २.०. तिकडं १ सगळ्यात भारी आणि ४ काठावर पास, म्हणजे २.० चांगलाच झाला. पण पासिंग ५ धरलं तर तेच ८ होतात २.२. बऱ्याच कोर्सना २.५ च्या आत लागतं, तेव्हा हा पॉइंट दोनचा फरक कधीकधी अॅडमिशन घालवतो. म्हणून पासिंग ग्रेड किती आहे हे कॉलेजच्या किंवा विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून लेटरहेडवर लिहून घ्या. ट्रान्सक्रिप्टला, म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या मार्कांच्या अधिकृत उताऱ्याला, शिवाजी विद्यापीठात कोल्हापूरला जावं लागणारच आहे, त्याच फेरीत हे काम उरका. आणि जाताना मार्कशीटवरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव जुळवून बघा, आपल्याकडं आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव असा घोळ असतोच. बॅकलॉग असतील तर लपवू नका, ट्रान्सक्रिप्टवर दिसतात.

आता देश. जर्मनीत सरकारी युनिव्हर्सिटीत बहुतेक ठिकाणी फी नाही, फक्त सेमिस्टरचं काही शे युरोपर्यंतचं वर्गणीसारखं शुल्क असतं, पण फुकट फुकट म्हणून नाचू नका. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात २०१७ पासून युरोपबाहेरच्या मुलांना सेमिस्टरला १५०० युरो आहेत, म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनं पण फी सुरू केलीय. शिवाय ब्लॉक अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधीच टाकावे लागतात, ते पैसे तुमचेच, महिन्याला ९९२ असे परत मिळतात, पण एकरकमी उभे तर करावे लागतात ना. भारतातल्या मुलांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे तुमची शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याचा दाखला, सक्तीचं आहे, त्याला वेळ लागतो, आणि विंटर सेमिस्टरची नेहमीची शेवटची तारीख १५ जुलै असली तरी बरेच कोर्स त्याच्या कितीतरी आधी बंद होतात. शिकून झाल्यावर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. कोर्स इंग्लिशमध्ये असला तरी कारखान्यात नोकरी जर्मन बोलणाऱ्यालाच मिळते, भाषेच्या बी-१, बी-२ लेव्हलपर्यंत इथंच करून जा, तिकडं पार्टटाइम कामातून वेळ मिळत नाही. बारावीनंतर थेट जायचं म्हणणाऱ्यांनी जरा थांबा, नुसत्या बारावीवर थेट डिग्रीला सहसा घेत नाहीत, आधी श्टुडिएनकोलेग म्हणजे तयारीचं एक वर्ष किंवा इथं डिग्रीचं पहिलं वर्ष लागतं. मेकॅनिकल, ऑटोमोबाईल, प्रॉडक्शनवाल्यांनी मात्र हा देश पहिला बघावाच.

यूकेत मास्टर्स एका वर्षात होते म्हणून राहण्याचा खर्च वाचतो, पण वर्ष डोळ्यांदेखत संपतं आणि पुढं थांबायला ग्रॅज्युएट रूट नावाचा व्हिसा आहे तो १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना २ वर्षांऐवजी १८ महिन्यांचा झालाय. लग्न झालेल्यांनी लक्षात ठेवा, जानेवारी २०२४ पासून साध्या मास्टर्सला नवरा-बायकोला सोबत नेता येत नाही. आयर्लंडला मास्टर्सनंतर २ वर्षं थांबता येतं, आयटी आणि फार्मासाठी बरा देश, फक्त डब्लिनला खोली मिळणं म्हणजे दिव्य.

कॅनडाचं सगळं बदललंय आणि आपल्याकडं अजून २०१९ च्या गोष्टी सांगतात. २०२४ पासून शिक्षणाच्या परमिटवर मर्यादा आली, झटपट व्हिसाची एसडीएस योजना नोव्हेंबर २०२४ ला बंद झाली, आणि कॉलेजच्या डिप्लोम्याला वर्क परमिट आता ठराविक विषयांनाच. राहण्याच्या खर्चासाठी दाखवायची रक्कम १०,००० डॉलरवरनं आता २२,८९५ कॅनेडियन डॉलर झालीय, फी वेगळी. सरकारी युनिव्हर्सिटीची मास्टर्स असेल तर विचार करा, कुठल्यातरी कॉलेजचा बिझनेस डिप्लोमा असेल तर पैसे मातीत.

अमेरिका महाग, पण इंजिनिअरिंग-कॉम्प्युटरवाल्यांना शिकून झाल्यावर १२ महिने ओपीटी ही कामाची परवानगी आणि वर २४ महिने असं तीन वर्षं काम करता येतं, तेवढ्यात लोन बरंच फिटू शकतं. त्यापुढं एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये बाहेरून नवीन माणूस आणायला १ लाख डॉलर फी लावली. म्हणून अमेरिकेचा हिशोब त्या तीन वर्षांवरच मांडा, पुढचं मिळालं तर बोनस. ऑस्ट्रेलियाची नुसती व्हिसा फी २,००० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे आणि नाकारला तरी परत मिळत नाही, म्हणजे अंदाजानं अर्ज टाकून बघू हा प्रकार तिथं परवडत नाही.

सगळीकडं एक गोष्ट सारखी, पार्टटाइम कामाला मर्यादा आहे, यूके-अमेरिकेत आठवड्याला २० तास, कॅनडात २४, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८. त्यातून जेवण आणि भाडं थोडंफार निघतं, फी नाही. पार्टटाइम करून फी काढू असं कोणी घरी सांगत असेल तर ते खरं नाही.

कन्सल्टंटचं पण बोलून टाकतो. बऱ्याच ठिकाणी सल्ला फुकट असतो, कारण त्यांना कमिशन कॉलेज देतं. म्हणून तिथं जी यादी मिळते ती तुमच्यासाठी चांगल्या कॉलेजांची असेलच असं नाही, ती त्यांचं टायअप असलेल्या कॉलेजांची असते. जर्मनीच्या सरकारी युनिव्हर्सिट्या असं कमिशन देत नाहीत, आणि मग 'जर्मनीत प्रायव्हेटला सोपं पडतं' असं का सांगतात ते कळतं. फॉर्म भरायला, व्हिसाची फाईल लावायला त्यांची मदत घ्या की, पण कॉलेजांची यादी तुम्ही करून न्या आणि यातलं तुमचं टायअप कुणाकुणाशी आहे हे तोंडावर विचारा. ईमेल आयडी आणि पासवर्ड मात्र स्वतःकडं ठेवा.

एमबीबीएसला बाहेर पाठवणारे आपल्याकडं खूप आहेत, त्यांच्यासाठी नियमच वेगळे. नीट क्वालिफाय लागतेच, आणि २०२१ च्या नियमाप्रमाणं कोर्स किमान ५४ महिन्यांचा, इंग्लिशमध्ये, त्याच ठिकाणी १२ महिने इंटर्नशिप, आणि त्या देशात प्रॅक्टिस करायला पात्र ठरवणारी डिग्री हवी. यातलं एक जरी चुकलं तरी परत येऊन इथल्या लायसन्सच्या परीक्षेलाच बसता येत नाही. मिरजेत एवढी हॉस्पिटलं आहेत, तिथं बाहेरून शिकून इंटर्नशिप करणारी पोरं भेटतात, त्यांच्याकडून कुठल्या कॉलेजात खरंच पेशंट बघायला मिळतात ते काढून घ्या. माहितीपत्रकातले हॉस्टेलचे आणि भारतीय मेसचे फोटो बघून ठरवू नका.

शेवटी चार-पाच नावं उरली की लिंक्डइनवर त्या कोर्सच्या मागच्या बॅचची पोरं शोधा. 'कॉलेज कसं आहे' असं विचारू नका, सगळे छान म्हणतात. तुमच्या बॅचमधल्या किती जणांना त्याच फिल्डमध्ये नोकरी लागली, किती दिवसांनी लागली, भाडं किती देता, हे विचारा. उत्तर देणारे बहुतेक वेळा अनोळखीच निघतात, ओळखीचे लोक आपली फजिती सांगत नाहीत. आणि डिपॉझिट भरायच्या आधी व्हिसा नाकारला गेला तर किती पैसे परत मिळतात, किती दिवसांत मिळतात, हे कॉलेजकडून थेट ईमेलवर लिहून घ्या, कन्सल्टंटनं फोनवर सांगितलेलं धरू नका.