वॉर्डात नवे आहात? आधी सिस्टरांना गाठा

फिजिओथेरपीच्या इंटर्नशिपला आलेली मुलं केसपेपर चाळतात आणि थेट पेशंटच्या कॉटपाशी जातात. त्याआधी नाइट संपवून निघालेल्या सिस्टरांना गाठा. पेशंट बाथरूमला एकटा गेला की दोघांनी धरून न्यावं लागलं? सकाळचं इन्सुलिन झालं, पण नाश्ता झाला का? इन्सुलिन घेऊन उपाशी बसलेल्याला चालवायला काढलंत, तर शुगर उतरून तो घामाघूम व्हायचा. डॉक्टर पेशंटला फिजिओथेरपीकडे पाठवताना लिहितात, त्या रेफरन्सच्या दोन ओळींत हे कुणी लिहीत नाही.

सोलापुरात पेशंट मराठीच बोलेल असं नाही. पूर्व भागातले तेलुगू, अक्कलकोट-विजयपूरकडचे कन्नड, शिवाय उर्दू. अशा वेळी वॉर्डातल्या मावशी-मामांचा मोठा आधार असतो. फक्त संमती किंवा औषधाचा डोस त्यांच्यावर सोपवून मोकळे होऊ नका. तिथं डॉक्टर किंवा सिस्टर हव्यातच.

एका विडी कामगार बाईंना मधुमेह होता, घोट्याच्या बाहेरच्या बाजूला जखम. सर्जननी ती साफ केली, ड्रेसिंग नियमित, शुगर आटोक्यात, एमसीआर (मऊ रबरी तळाची) चप्पलही दिलेली. तरी जखम भरत आली की पुन्हा उघडायची. मावशींनी तेलुगूत सहज विचारलं, तेव्हा कळलं की बाई दिवसभर फरशीवर मांडी घालून, सूप पुढ्यात घेऊन विड्या वळतात. मांडी घातली की नेमका तोच घोटा जमिनीवर दाबला जातो, आणि पाय बधिर असल्यानं दुखतही नाही. घरात बसून काम करताना चप्पल घालणार कोण?

काम बंद करा म्हणणं सोपं, पण मजुरी विड्यांच्या संख्येवर मिळते. म्हणून बाई खुर्चीवर आणि सूप स्टुलावर, अशी बैठक आम्ही वॉर्डातच करून पाहिली. घरी फ्रिज नव्हता. इथला उन्हाळा चाळिशी सहज ओलांडतो. फार्मसिस्टनी इन्सुलिन पिशवीत गुंडाळून गार मडक्यात ठेवायला शिकवलं. आहारतज्ज्ञ बाईंनी ओट्सचं नावही न काढता भाकरी किती आणि सोबत डाळ-भाजी किती, ते हातानं दाखवलं. समाजसेवा अधीक्षकांनी रेशनकार्ड मागवून महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं पाहिलं.

2021 च्या कायद्यानं फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ यांच्यासाठी राष्ट्रीय आयोग आला. राउंडला मागं उभं राहायची सवय मात्र कायद्यानं जात नाही. डॉक्टर घाईत असतात, तेव्हा लांबण लावू नका: कालच्यापेक्षा काय बदललं, तुम्ही काय पाहिलं, तुम्हाला काय हवंय. ‘मांडी घालू द्यायची नाही, ड्रेसिंग असेतो पायावर किती भार चालेल?’ एवढं बास. उत्तर मिळालं की वेळ टाकून केसपेपरवर लिहा. तोंडी सांगितलेलं ड्युटी बदलली की हरवतं. आणि डिस्चार्जच्या आदल्या दिवशी घरचं माणूस बोलावून घ्या, ड्रेसिंग त्यांच्या हातानं एकदा करवून घ्या.