छोट्या विमानतळावर स्कायडायव्हिंगला परवानगी : निर्णयाआधी काय तपासावं

छोट्या विमानतळावर स्कायडायव्हिंगचा प्रस्ताव आला की बैठकीत लगेच तीन गट पडतात. वैमानिकांना टक्कर होण्याची भीती वाटते, शेजाऱ्यांना आवाजाची, आणि बाकीच्यांना विमानतळ चालता राहण्याची आशा असते. तिन्ही मुद्दे खरे आहेत, पण हात वर करून मतं मोजल्याने त्यांतला एकही सुटत नाही. माणसं कुठे उतरणार, कोणत्या वाऱ्यात उतरणार आणि ठरल्या जागी पोचली नाहीत तर कुठे जाणार, हे आधी नकाशावर मांडा. बैठक त्यानंतर घ्या.

उतरण्याची जागा

विमानतळाचं हवाई छायाचित्र मोठ्या कागदावर छापून घ्या. त्यावर धावपट्टी, टॅक्सीवे, हँगर, विजेच्या तारा, पाणी, झाडांचे पुंजके, इंधनाच्या टाक्या आणि रस्ते ठळक करा. मग प्रस्तावित मैदानाच्या मध्यापासून वर्तुळं काढा. युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशनच्या नियमांनुसार एकट्याने उडी मारणाऱ्या विद्यार्थ्यासाठी जवळच्या धोक्यापर्यंत किमान 100 मीटर मोकळी जागा लागते, टँडमसाठी, म्हणजे प्रशिक्षकाला बांधून मारलेल्या जोडीच्या उडीसाठी, 50 मीटर. हे किमान अंतर आहे. टँडमपुरता प्रस्ताव आणि प्रशिक्षणासकट प्रस्ताव यांना एकच मैदान पुरेल असं गृहीत धरू नका.

वर्तुळात बसणारं मैदानही वाऱ्यामुळे बाद ठरू शकतं. इमारतीच्या किंवा झाडांच्या मागे हवेत भोवरे तयार होतात आणि ते अडथळ्याच्या उंचीच्या 10 ते 20 पट अंतरापर्यंत जाणवू शकतात. हँगर 8 मीटर उंच असेल तर त्याच्या मागे 80 ते 160 मीटरचा पट्टा धोक्याचा. जमिनीपासून थोड्याच उंचीवर पॅराशूट अशा भोवऱ्यात सापडलं तर ते दुमडतं आणि सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून वर्षभर वारा मुख्यतः कोणत्या दिशांनी वाहतो ते पाहा आणि त्या प्रत्येक दिशेसाठी हा पट्टा वेगळा आखा. अर्जदाराने फक्त एका दिशेचा नकाशा दिला असेल तर अर्ज परत पाठवा.

वेगाने वळून जमिनीलगत झेप घेत उतरणाऱ्या अनुभवी मंडळींना वेगळी जागा किंवा वेगळी फेरी द्या. सावकाश उतरणाऱ्यांबरोबर त्यांना एकाच वेळी एका मैदानात सोडलं तर दोन पॅराशूट एकमेकांवर आदळण्याचा धोका वाढतो.

चुकलं तर कुठे

बहुतेक अर्जांत हाच भाग कोरा असतो, आणि सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा तो यालाच. पॅराशूट 3,000 फुटांवर उघडलं आणि सेकंदाला साधारण 5 मीटर खाली येत असलं, तर माणूस तीन मिनिटं हवेत असतो. सरासरी वारा सेकंदाला 8 मीटर असेल तर तेवढ्या वेळात हवाच त्याला सुमारे 1,450 मीटर वाहून नेते. म्हणून विमानातून बाहेर पडण्याचा बिंदू वाऱ्याच्या वरच्या बाजूला, मैदानापासून दूर धरावा लागतो. हा बिंदू चुकला की माणूस शेतात, रस्त्यावर किंवा धावपट्टीच्या टोकाला उतरतो.

पॅराशूट चुकून 13,000 फुटांवरच उघडलं तर हिशेब पार बदलतो. खाली यायला तेरा मिनिटं लागतात, आणि सेकंदाला 10 मीटर वाऱ्यात ते अंतर आठ किलोमीटरच्या घरात जातं. हे क्वचित घडतं, पण नकाशावर तेही वर्तुळ हवं. त्यात तलाव, महामार्ग किंवा उच्चदाबाच्या तारा येत असतील तर वाऱ्याची मर्यादा आणखी खाली आणा.

तिसरी शक्यता हमखास विसरली जाते. मुख्य पॅराशूटमध्ये बिघाड झाला की माणूस ते सोडून राखीव पॅराशूटवर उतरतो, आणि सोडलेलं कापड वाऱ्याबरोबर हवं तिकडे जातं. ते धावपट्टीवर पडू शकतं. ते जमिनीला टेकेपर्यंत त्यावर नजर ठेवणारा आणि रेडिओवरून लगेच कळवणारा माणूस प्रत्येक फेरीला मैदानावर हवाच.

विमानांशी सांगड

उडी मारणाऱ्याकडे ट्रान्सपॉन्डर (रडारवर आपली जागा कळवणारं यंत्र) नसतो आणि बोलायला रेडिओही नसतो. मुक्त पतनात, म्हणजे पॅराशूट उघडण्याआधी, तो ताशी सुमारे 200 किलोमीटर वेगाने खाली येतो. वैमानिकाने त्याला पाहून टाळावं ही अपेक्षाच चुकीची आहे. सुरक्षितता जागेच्या आणि वेळेच्या अंतरातूनच येते.

मार्च 2014 मध्ये फ्लोरिडातल्या साउथ लेकलँड विमानतळावर लँडिंगचा सराव करणाऱ्या छोट्या सेस्ना विमानाचा पंख उतरत्या स्कायडायव्हरच्या पॅराशूटच्या दोऱ्यांत अडकला. दोघेही वाचले. पॅराशूटचा उतरण्याचा मार्ग आणि विमानाचा मार्ग एकाच ठिकाणी एकत्र आले की काय होतं, ते इथे दिसतं. आता अट अशी घाला:

- विमानांचं सर्किट (उतरण्याआधी धावपट्टीलगत घ्यायचा ठरलेला फेरा) धावपट्टीच्या एका बाजूला आणि पॅराशूटची जागा दुसऱ्या बाजूला.
- 1,000 फुटांखाली कुणीही पॅराशूटवरून धावपट्टी ओलांडायची नाही. पलीकडेच राहावं लागलं तर पलीकडेच उतरायचं.
- उड्या चालू असताना विमानतळाच्या डोक्यावरून आडवं जायचं नाही. ही सूचना वैमानिकांसाठीच्या अधिकृत सूचनेत आणि नकाशावर आलीच पाहिजे.
- उडीआधी किमान पाच मिनिटं, मग दोन मिनिटं आणि माणसं बाहेर पडताक्षणी, विमानतळावरची विमानं ऐकतात त्याच रेडिओ फ्रिक्वेन्सीवर तीन घोषणा.
- ढगातून उडी नाही.

माणसं सोडल्यावर उडीचं विमान वेगाने खाली येतं आणि बहुधा पॅराशूटच्या आधी उतरतं. त्याला इतरांसारखंच सर्किटमध्ये सामील व्हायला सांगा. घाईत सरळ आत घुसण्याची मुभा एकदा दिली की नियमित वैमानिकांचा विश्वास उडतो, आणि तो परत मिळवणं फार अवघड जातं.

जमिनीवर सगळ्यात मोठा धोका फिरत्या पंख्याचा. इंजिन चालू ठेवून माणसं चढवणार असतील तर मार्ग दोरीने आखा, प्रत्येक टँडम पाहुण्यासोबत एक प्रशिक्षित माणूस ठेवा, आणि सगळ्यांना नेहमी विमानाच्या पंखाच्या (विंगच्या) मागच्या बाजूनेच आणा. प्रेक्षक कुंपणाबाहेर. धावपट्टीपलीकडे उतरलेल्याने चालत परत यायचं नाही. पॅराशूट गोळा करून थांबायचं आणि गाडी येईल तेव्हा निघायचं.

आवाज

तक्रार बहुधा पॅराशूटची नसते, चढणाऱ्या विमानाची असते. एकच इंजिन, पूर्ण ताकदीवर, त्याच घरांवर, सुट्टीच्या दिवशी तासन्‌तास. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने घटतो, म्हणून चढाई विमानतळावर गोल फिरत न करता वस्तीपासून दूरच्या पट्ट्यांत, आणि आळीपाळीने वेगळ्या पट्ट्यांत करायला लावा. सकाळी सुरुवात कधी आणि रोज जास्तीत जास्त फेऱ्या किती, हे आकड्यात लिहा. ‘शक्यतो कमी त्रास देऊ’ हे वाक्य करारात चालवून घेऊ नका. त्यावर पुढे कुणालाच जाब विचारता येत नाही.

करार आणि चाचणी

कायद्याची चौकट देशागणिक वेगळी असते. अमेरिकेत केंद्राचं अनुदान घेणाऱ्या विमानतळाला स्कायडायव्हिंग सरसकट नाकारता येत नाही. सुरक्षिततेच्या कारणाने नाकारायचं तर त्या कारणाचा अंतिम निवाडा हवाई प्रशासन करतं. तुमच्या विमानतळाला असं बंधन आहे का, हे चर्चेआधीच कळलं पाहिजे. नाहीतर बैठका संपतात आणि मग समजतं की निर्णय तुमच्या हातात नव्हता.

कायमची परवानगी पहिल्या दिवशी देऊ नका. 90 दिवसांची चाचणी ठेवा आणि रोज या नोंदी घ्या : फेऱ्या, बाहेर उतरलेले, धावपट्टी ओलांडलेले, विमानाला बाजूला व्हावं लागलेल्या घटना, आवाजाच्या तक्रारी वेळेसकट. नोंदवही ऑपरेटरकडे, म्हणजे उड्या चालवणाऱ्या संस्थेकडे, नको, विमानतळाकडे हवी. करारात त्रयस्थांच्या नुकसानीचा विमा, राखीव पॅराशूटच्या घडीच्या तारखा तपासण्याचा हक्क (अमेरिकेत ही मुदत 180 दिवस आहे), विद्यार्थ्यांसाठी वाऱ्याची मर्यादा, रुग्णवाहिकेची वाट आणि उड्या तात्काळ थांबवण्याचा अधिकार कुणाला, ही कलमं नावानिशी हवीत. शेवटचं कलम लिहिताना पदाचं नाव टाका आणि तो माणूस हजर नसेल तेव्हा अधिकार कुणाकडे जातो तेही लिहा. रविवारी दुपारी वारा अचानक वाढला तर कोणाचा शब्द चालणार, हे त्या दिवशी ठरवत बसायची वेळ येऊ नये.