हाय-एंड ग्राफिक्स कार्ड यायच्या आधी कूलिंगची तयारी

एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० कार्डाची पॉवर ४५० वॅट, ५०९० ची तर ५७५ वॅट, आणि कार्डाचा कूलर कितीही भारी असला तरी तो ही बहुतेक उष्णता कॅबिनेटच्या हवेतच सोडतो, तिथून बाहेर काढायचं काम कॅबिनेटचं. म्हणून कार्डाच्या रिव्ह्यूइतकंच लक्ष कॅबिनेटकडे द्या.

आधी टेप घ्या. मागच्या स्लॉटपासून (कार्ड बसवायच्या खाचेपासून) पुढच्या पंख्यापर्यंतची जागा मोजा, पुढे लिक्विड कूलरचा रेडिएटर असेल तर त्याची जाडी वजा करा. ४०९० ची फाउंडर्स एडिशनच, म्हणजे एनव्हिडियाचं स्वतःचं मॉडेल, ३०४ मिमी लांब आहे, इतर कंपन्यांची बरीच मॉडेल्स त्याहून मोठी आणि साडेतीन स्लॉटची जागा व्यापतील इतकी जाड असतात. काचेच्या बाजूची जागा मोजायला लोक हमखास विसरतात, तिथे पॉवर केबल कनेक्टरपासून निदान साडेतीन सेंटीमीटर सरळ गेली पाहिजे, दाबून वाकवायची नाही, आणि कनेक्टर पूर्ण आत बसलाय ना ते डोळ्यांनी बघा, अर्धवट बसला की तापून वितळू शकतो. कार्ड वाकू नये म्हणून खाली टेकू द्याच.

हवा पुरते का हे जुन्या कार्डावरच तपासून घ्या. तोच गेम, तोच सीन अर्धा तास चालवा, तापमानाचे आकडे लिहा, मग बाजूची काच काढून परत तेवढाच वेळ चालवा. काच काढल्यावर तापमान बऱ्यापैकी उतरलं तर कॅबिनेटला हवा कमी पडतेय, मग पुढे जाळीचं पॅनेल हवं, पुढून हवा आत, मागून आणि वरून बाहेर. खोलीचं तापमानही लिहून ठेवा, त्याशिवाय दोन दिवसांचे आकडे जुळवून बघण्यात काही अर्थ नाही. कार्ड उभं लावून काचेतून दाखवायचा मोह होतो, पण पंखे काचेला चिकटले की घुसमट ठरलेली, माझं मत स्पष्ट आहे, लावू नका.

तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो आणि कार्डाची सेटिंग बदलणारं आफ्टरबर्नर, ही दोन सॉफ्टवेअर आधीच टाकून ठेवा. नवीन कार्डावर फक्त जीपीयूचा, म्हणजे कार्डाच्या मुख्य चिपचा, आकडा बघून खूश होऊ नका, हॉटस्पॉट (चिपवरची सगळ्यात गरम जागा) आणि मेमरीचं तापमान पण बघा. हॉटस्पॉट जीपीयूच्या आकड्यापेक्षा साधारण १०-१५ अंश वर असतो, फरक ३० च्या आसपास गेला तर कूलर किंवा चिप आणि कूलरमधली थर्मल पेस्ट नीट बसलेली नाही असं समजा. ५० सिरीजवर (५०९० वगैरे) हॉटस्पॉट दिसत नाही, तिथे मेमरीवर नजर ठेवा.

मग आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट, म्हणजे कार्डाने किती वीज घ्यायची ती मर्यादा, ८० टक्क्यांवर आणून बघा, ४०९० वर एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्स) अगदी थोडे पडतात आणि पंख्यांचा आवाज मात्र लक्षात येण्याइतका कमी होतो. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर एफपीएसला तिथेच कॅप लावा, उगाच २०० काढून उष्णता कशाला वाढवायची.

आणि हे सगळं रिटर्नची मुदत संपायच्या आत उरका, तोवर बॉक्स आणि आतला फोम टाकू नका.